रेनो ८ गोर्दिनी, आर ११३५ (१९६७) : ऐतिहासिक शर्यतीसाठी तयारीच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२३ : कागद आधी, पाना नंतर

गाडी रेनो ८ गोर्दिनी १३००, टाइप आर ११३५. चार दरवाजे, इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे, १२५५ सीसी, पाच गिअर, पुढे चार दिवे. मूळ रेनो ८ ही १९६२ची साधी घरगुती सेदान, पण त्या किमतीच्या गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्याचे धाडस रेनोने तेव्हाच केले होते. आमेदे गोर्दिनी यांनी तिच्या इंजिनावर अर्धगोल ज्वलनकक्षाचे ॲल्युमिनियमचे हेड बसवले आणि १९६४च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ११०८ सीसीची पहिली गोर्दिनी आली. १९६४, १९६५ आणि १९६६ असे सलग तीन 'तूर द कोर्स' (कॉर्सिका बेटावरची रॅली) या गाडीने जिंकले. १९६६ला 'कूप गोर्दिनी' ही एकाच मॉडेलची शर्यतमालिका सुरू झाली. फ्रान्समधले कितीतरी चालक तिथेच घडले, कारण सगळ्यांच्या हाती सारखीच गाडी असायची.

आपली गाडी एफआयएच्या (जागतिक मोटार महासंघाच्या) परिशिष्ट 'के'प्रमाणे, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांच्या नियमांप्रमाणे, जी१ कालखंडात (१९६६ ते १९६९) आणि १३०० सीसीच्या आतल्या वर्गात बसते. शर्यत सर्किटवरची. एचटीपी, म्हणजे ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट, फ्रेंच महासंघ एफएफएसएकडून घ्यायचा. एकदा मिळाला की दहा वर्षे चालतो.

होमोलोगेशन पत्रक (या मॉडेलच्या मान्य भागांची अधिकृत नोंद) आणि त्याची सगळी विस्तारपत्रे छापून गॅरेजच्या भिंतीवर लावली आहेत. जो भाग पत्रकात नाही तो गाडीवर नाही, मग तो कितीही चांगला असो. एखादी सुंदर नवी वस्तू आधी विकत घ्यायची आणि नंतर ती चालेल का ते पाहायचे, या उलट्या क्रमातच लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

कामाचा क्रमही ठरवला: शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा), इंजिनची विश्वासार्हता, मागचा एक्सल, ब्रेक आणि अगदी शेवटी हॉर्सपॉवर. या गाडीत ताकद मिळवणे सोपे आहे. ती ताकद मागच्या दोन चाकांमधून रस्त्यावर उतरवणे अवघड आहे.

११ नोव्हेंबर : तोडणी आणि मोजणी

काच, रबर, वायरिंग, सीट, पुढचा-मागचा सस्पेन्शन, इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवले. प्रत्येक बोल्टाची वेगळी पिशवी, पिशवीवर जागेचे नाव. या काळातल्या फ्रेंच गाडीत काही बोल्टांच्या लांबीत पाचच मिलिमीटरचा फरक असतो. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर तो तळाला टेकतो, टॉर्क पाना 'टक' करतो आणि भाग मात्र सैलच राहतो.

शेल स्टँडवर घेऊन मापे घेतली. व्हीलबेस २२७० मिमी असायला हवा. डावीकडे २२७१, उजवीकडे २२६८ भरला. ३ मिमीचा फरक पुढच्या उजव्या बाजूच्या जुन्या धडकेचा आहे, कारण पुढचे कर्णही जुळत नाहीत. मागचे कर्ण १ मिमीच्या आत आहेत, तेव्हा गिअरबॉक्सचा आधार सरळ आहे. हे महत्त्वाचे, कारण मागच्या चाकांची भूमिती त्यावरच उभी आहे.

गंज नेहमीच्या जागी सापडला: दोन्ही सिल (दरवाजांखालच्या पोकळ तुळया), जॅक लावायच्या जागा, पुढच्या फ्लोअरचे कोपरे, दिव्यांच्या वाट्यांमागचा पत्रा आणि मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड. उजव्या सिलवर आधीच्या दुरुस्तीत नवा पत्रा जुन्यावरच चढवलेला निघाला. आतले दोन थर एकमेकांना चिकटून कुजले होते. चुंबक चिकटतो म्हणून पत्रा चांगला असे समजू नये. बारीक हातोडीने टकटक करून आवाज ऐकावा आणि बद्द आवाज येईल तिथे कापावे.

२ डिसेंबर : पत्रा

सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे-उभे नळीचे आधार वेल्ड केले. आधार न देता सिल कापली की शेल मध्यात बसते आणि नंतर दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू घेतली.

जोडणीला मिग वेल्डिंग, ०.६ मिमी तार. ०.८ मिमीच्या पत्र्याला जाड तार वापरली की भोके पडतात. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्यात ६ मिमीची छिद्रे पाडून ती भरली. जोडाच्या दोन्ही आतल्या बाजूंना वेल्डिंग सोसणारा झिंकचा प्रायमर दिला. सलग वेल्ड कुठेही केले नाही. इथे २ सेंमी, तिथे २ सेंमी असे उड्या मारत गेले की पत्रा तापून लाटांसारखा होत नाही.

पुढची उजवी बाजू बेंचवर ओढून घेतली. आता व्हीलबेस दोन्हीकडे २२७० आणि २२७१. शर्यतीसाठी एवढे पुरे. उरलेले टो (चाके पुढून आत-बाहेर वळलेली असणे) आणि कॅस्टर (चाकाच्या वळण-अक्षाचा मागे कल) यांच्या समायोजनात निघते.

१६ डिसेंबर : रोल केज

केज म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. मुख्य कमान ४५ × २.५ मिमी, बाकीच्या नळ्या ३८ × २.५ मिमी, सगळ्या सांधारहित थंड ओढलेल्या कार्बन स्टीलच्या. मुख्य कमानीच्या पायांखाली ३ मिमी जाडीच्या १२० चौ. सेंमीच्या पट्ट्या शेलला वेल्ड केल्या आणि प्रत्येक पायाला एम८, ८.८ दर्जाचे तीन बोल्ट दिले. मागचे आधार चाकांच्या कमानीच्या मजबूत भागावर उतरवले.

एक गोष्ट नीट पाहावी. रेनो ८चे छत ठेंगणे आहे. कमान छताला चिकटवून बसवली तरच हेल्मेट आणि नळी यांत जागा राहते. चालकाला सीटवर बसवून, पट्टे आवळून, हेल्मेट घालूनच कमानीची उंची ठरवली. सीट आधी, कमान नंतर. खांद्याच्या पट्ट्यांसाठी आडवी नळी खांद्याच्या पातळीला आहे. पट्टे तिथून सरळ मागे जातात, खाली ओढत नाहीत.

रंग नंतर द्यायचा आहे, पण छटा ठरलेली: रेनोचा निळा क्रमांक ४१८ आणि त्यावर दोन पांढरे पट्टे. दुसऱ्या रंगात ही गाडी पाहवत नाही.

६ जानेवारी २०२४ : इंजिन, लायनर

हे रेनोच्या क्लेओं कुळातले इंजिन. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पाच मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट बाजूला, पुशरॉड आणि ओले लायनर. ओला लायनर म्हणजे सिलेंडरची नळी थेट पाण्यात उभी असते. खाली ती ब्लॉकच्या बैठकीवर पातळ पॅकिंगवर टेकते आणि वरून हेड तिला दाबून धरते. दाब कमी पडला की पाणी तेलात उतरते. चार लायनर चार उंचींचे असले की हेड गास्केट दोन सिलेंडरांच्या मध्ये फुटते. या इंजिनांची बहुतेक रडगाणी इथूनच सुरू होतात, आणि दोष मात्र गास्केटला मिळतो.

ब्लॉक रसायनाने धुतला. पाण्याच्या वाटांमधून मूठभर गाळ निघाला, तोही मागच्या सिलेंडरभोवती. गाळ साचलेल्या जागी उष्णता अडते. बैठका ब्रशने घासून, मग बोटाने फिरून पाहिल्या. नख अडले तरी परत साफ. भेगांसाठी ब्लॉकवर रंगद्रव्याची तपासणी केली, खास करून हेडच्या बोल्टांच्या छिद्रांभोवती. ब्लॉक निर्दोष निघाला.

मूळ व्यास ७४.५, स्ट्रोक ७२. आपण ७५.७ मिमीचे लायनर-पिस्टन घेतले, म्हणजे १.२ मिमी जास्त. १२९६ सीसी होतात आणि १३००ची सीमा ओलांडली जात नाही. याच्या पुढे जायचा मोह नको. लायनरची भिंत पातळ होते आणि वर्गही हातचा जातो.

लायनर पॅकिंगशिवाय बसवून डायल गेजने ब्लॉकच्या पृष्ठापासून उंची घेतली, प्रत्येकाच्या कडेला चार ठिकाणी. सरासरी अशी: पहिला ०.००, दुसरा वजा ०.०२, तिसरा ०.०१, चौथा ०.००. या कुळाला पॅकिंग तीन जाडीत मिळते: निळी खूण ०.०८, तांबडी ०.१०, हिरवी ०.१२. लायनर वर डोकावायला हवा ०.०४ ते ०.१२ मिमी आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ०.०४ पेक्षा जास्त फरक नको. पहिल्या, तिसऱ्या, चौथ्याला निळे आणि दुसऱ्याला तांबडे लावले. परत मोजले: ०.०८, ०.०८, ०.०९, ०.०८. यापेक्षा जवळ कोणी मागू नये.

रेनोत एक नंबरचा सिलेंडर फ्लायव्हीलकडचा. इतर गाड्यांवर हात बसलेल्यांनी हे पाटीवर लिहून ठेवावे, नाहीतर पुढे इग्निशनच्या वायरी उलट्या जातात.

लायनर बसले की लगेच पट्ट्यांनी वरून दाबून धरले. हेड नसताना आणि पट्ट्या नसताना क्रँक फिरवली तर पिस्टन लायनरला वर ओढतो, पॅकिंग मुडपते, आणि हे बाहेरून दिसत नाही. कळते ते शर्यतीच्या दिवशी, तेल दुधाळ झाले की.

२० जानेवारी : पिस्टन, कक्ष, कॉम्प्रेशन

पिस्टन फोर्ज केलेले. भिंतीतले अंतर बनवणाऱ्याच्या पत्रकाप्रमाणे ०.०७ मिमी. रिंग लायनरमध्ये सरळ उतरवून टोकांमधली फट वरच्या रिंगला ०.३०, दुसरीला ०.३५ ठेवली. मेन आणि बिग एंड बेअरिंगचा गाळा ०.०४५ ते ०.०५. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे, जुने तपासत बसू नये. रॉड टोकाटोकाने तोलून एका ग्रॅमच्या आत आणले.

कक्षाचे आकारमान ब्युरेटने मोजले: ३९.४, ४०.२, ४०.०, ३९.७ सीसी. धातू काढला की कक्ष मोठाच होतो, लहान होत नाही, म्हणून सगळे सर्वांत मोठ्याला, म्हणजे ४०.२ला आणले. हिशेब सरळ आहे. एका सिलेंडरचे आकारमान ३२४ सीसी. कॉम्प्रेशन ११ : १ हवे तर उरलेली जागा ३२४ भागिले १०, म्हणजे ३२.४ सीसी असावी. कक्ष ४०.२, गास्केटचे ५.५, पिस्टनचा उंचवटा आणि त्याची जागा मिळून वजा १३.३. बेरीज बरोबर ३२.४. हेड घासायची गरज पडली नाही, याचे खरोखर समाधान आहे. गोर्दिनीचे हेड आता दुर्मीळ झाले आहे. प्रत्येक घासणीत त्याचे आयुष्य कमी होते, आणि घासायचेच तर फक्त सपाटीसाठी घासावे. आपले हेड सरळपट्टीखाली ०.०४ मिमीच्या आत सपाट आहे.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिले. इनलेटला १.७ आणि एक्झॉस्टला २.३ मिमी. १.५ आणि २.०च्या खाली जाऊ देऊ नये. गिअर चुकून खाली पडला, इंजिन मर्यादेपलीकडे फिरले आणि स्प्रिंग मागे राहिली, तर याच अंतरावर इंजिन वाचते.

२७ जानेवारी : तेल

साठा इंजिनच्या तळाशीच आहे. लांब वळणात तेल एका बाजूला चढते आणि गाळणी उघडी पडते. सम्पमध्ये (तळाच्या तेलाच्या भांड्यात) आडव्या पट्ट्या आणि दोन झडपा बसवल्या. झडपा गाळणीकडे उघडतात, उलट दिशेला मिटतात. पट्ट्यांच्या खाली २ मिमीची फट ठेवली, नाहीतर तेल बदलताना गाळ तिथेच राहतो.

तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरून हा प्रश्न सुटत नाही. क्रँक तेलात आपटते, फेस होतो, आणि फेसावर बेअरिंग तरत नाही.

सपाट टॅपेटचा कॅम आहे, म्हणून तेलात जस्ताचे प्रमाण चांगले असलेले २०डब्ल्यू-५०. आजच्या गाड्यांचे पातळ तेल इथे कॅमचे कंगोरे खाते. ब्रीदरची (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी) नळी २ लिटरच्या कॅच टाकीत सोडली. २००० सीसीपर्यंत नियम तेवढाच मागतो.

१० फेब्रुवारी : कार्ब्युरेटर आणि इग्निशन

दोन वेबर ४० डीसीओई. सुरुवातीची मांडणी: चोक (हवेची अरुंद वाट) ३२, मेन जेट (पेट्रोलचे छिद्र) १३०, एअर जेट १८०, इमल्शन एफ११, आयडल ४५ एफ९. चोकला चाराने गुणले की मेन जेटचा अंदाज येतो, त्यात ५० मिळवले की एअरचा. हा फक्त आरंभ, शेवटचा आकडा ट्रॅकवरचा प्लग सांगतो. फ्लोट गास्केटसकट ८.५ मिमी, पूर्ण खाली १५. पेट्रोलचा दाब ०.२ बार. वेबरला जास्त दाब दिला की सुई उचलली जाते आणि वळणात इंजिन पेट्रोलने गुदमरते. लोक मग जेट बदलत बसतात.

कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर घट्ट आवळायचे नसतात. मध्ये रबरी रिंग आणि नटाखाली दुहेरी वेढ्याची स्प्रिंग. वेढ्यांत फीलर गेजने १ मिमी फट ठेवली. पूर्ण आवळले तर इंजिनची थरथर फ्लोटच्या वाटीत जाते, पेट्रोल फेसाळते आणि ५००० फेऱ्यांच्या वर मिश्रण पातळ होते.

डिस्ट्रिब्युटर पॉइंटचाच, कारण त्या काळी तोच होता. फट ०.४२, ड्वेल (पॉइंट मिटलेला राहतो तो कोन) ५७ अंश. पॉइंटची स्प्रिंग सैल असेल तर ६५०० नंतर पॉइंट मिटायच्या आत उघडतो आणि इंजिन अडखळते. बाहेरून ते पेट्रोल कमी पडल्यासारखेच वाटते. ॲडव्हान्सची वजने आणि स्प्रिंग टेस्ट बेंचवर पाहून एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) ३३ अंशांवर थांबवला.

२४ फेब्रुवारी : गिअरबॉक्स

पाच गिअर, आतून अपेक्षेपेक्षा स्वच्छ. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची सिंक्रो रिंग बदलली, बेअरिंग सगळी नवी. क्राउन-पिनियनमधला ढिलेपणा ०.१८ मिमी, दातांवरची खूण मध्यात. इतके जमले की उरलेल्याला हात लावू नये.

९ मार्च : मागचा एक्सल

गाडी वेगवान होते ती इथे, आणि उलटतेही इथेच.

रेनो ८ला मागे स्विंग एक्सल आहे. प्रत्येक अर्धा एक्सल गिअरबॉक्सच्या बाजूच्या सांध्यावर वर-खाली हलतो आणि चाक त्याच्याबरोबर कलते. अर्ध्या एक्सलची सांध्यापासून चाकापर्यंतची लांबी बघता मागची उंची १० मिमी बदलली की कॅम्बर (चाकाचा कल; वरची कड आत म्हणजे ऋण, बाहेर म्हणजे धन) सुमारे १ अंश बदलतो. वळणात बाहेरच्या चाकावरचा बाजूचा रेटा एक्सलला टेकूसारखा वर ढकलतो. गाडीचे बूड उचलले जाते, चाक पोटाखाली मुडपते, कॅम्बर धन होतो आणि पकड क्षणात जाते. वर साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे आहे. चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू आणखी उचलते आणि गाडी फिरते.

गोर्दिनीला प्रत्येक मागच्या चाकाला दोन-दोन डॅम्पर आहेत ते याच कारणाने. चारही डॅम्पर यंत्रावर तपासले. तीन सारखे, एक परतीच्या चालीत अशक्त. जोडीतला एक अशक्त असला की दुसरा त्याचे काम करतो, लवकर तापतो आणि काही लॅपनंतर ती बाजू पूर्ण ढिली पडते. चारही नव्या वाल्व्हचे भरून घेतले.

मग मुख्य काम: चाक खाली किती लोंबकळू द्यायचे. डॅम्परच्या आत स्पेसर घालून त्यांची उघडी लांबी कमी केली. कसोटी अशी, की गाडी उचलल्यावर चाक पूर्ण खाली गेले तरी कॅम्बर शून्याच्या पुढे अर्ध्या अंशाहून जास्त जाऊ नये. आपण ३८ मिमीवर थांबवले, तिथे अधिक ०.३ अंश भरतो. स्थिर उंचीला कॅम्बर वजा ३.५. दोन्ही मिळून ४ अंशांच्या आत खेळ, तोही बहुतेक सगळा ऋण बाजूला.

मागे अँटी-रोल बार (गाडी झुकू न देणारी आडवी सळई) लावायचा सल्ला नेहमी मिळतो. स्विंग एक्सलला तो नको. बार मागे भार बाहेरच्या चाकावर ढकलतो आणि तेच चाक टेकूचे काम करते. उलट पुढचा बार जाड करावा. गाडीचा कल पुढच्या चाकांनी सोसावा, मागची मोकळी राहावीत. पुढे त्यामुळे थोडी आळशी वळेल, ते चालेल.

मागचा टो-इन एकूण २ मिमी, पुढे कॅम्बर वजा १.५ आणि टो-आउट १ मिमी. मागच्या आर्मची रबरी बुशे नवी घातली. जुनी बुशे असताना टो मोजणे व्यर्थ आहे, ब्रेक लावला की आकडा बदलतो.

चार काट्यांवर, चालकाच्या जागी ७५ किलो आणि अर्धी टाकी ठेवून वजन: पुढे डावे १६७, उजवे १६३, मागे डावे २७२, उजवे २६८. एकूण ८७० किलो, मागे ६२ टक्के. दोन्ही कर्ण ४३५-४३५.

१६ मार्च : ब्रेक

कॅलिपर उघडून पिस्टन आणि सील बदलले, डिस्क फिरताना होणारी डुलणी ०.०६ मिमीच्या आत. पुढचा भाग हलका असल्याने ओल्या ट्रॅकवर पुढची चाके आधी जखडतात, म्हणून पुढे फार कडक पॅड घालायचे नाहीत. पुढे-मागे एकाच जातीचे मध्यम पॅड ठेवले. ब्रेकचा द्रव डॉट ५.१, कोरड्या अवस्थेत २६० अंशांच्या वर उकळणारा. सिलिकॉनचा द्रव नको, त्यात पेडल स्पंजासारखे वाटते.

२३ मार्च : पेट्रोल, वीज, सुरक्षा

मूळ ३८ लिटरची टाकी मागे आणि जोडीची २६ लिटरची पुढे डिकीत, अशी ११३५ची रचना. सर्किटच्या छोट्या शर्यतीला एवढे लागत नाही. एकच एफटी३ दर्जाची रबरी टाकी पुढे बसवली, पुढच्या चाकांवर थोडे वजन मिळावे म्हणून. तिच्यावरची तारीख पाहावी, पाच वर्षांनी ती संपते. आतला फेस जुना झाला की त्याची पूड फिल्टरमध्ये आणि मग जेटमध्ये येते. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या.

बॅटरीचा कट-ऑफ आतून आणि बाहेरून चालतो. बाहेर निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीची खूण, पाया १२ सेंमी. अग्निशामकाच्या हँडलजवळ पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई', वर्तुळ १० सेंमी. तपासनीस आधी हेच पाहतो.

३० मार्च : पहिली सुरुवात

प्लग काढून स्टार्टरने दाब येईपर्यंत फिरवले, मग प्लग लावून सुरू. लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटे. या वेळात आयडलवर सोडायचे नाही. कॅमला तेल क्रँकच्या उडण्यातून मिळते आणि आयडलला ते कमी उडते. नंतर पूर्ण थंड होऊ दिले आणि हेडचा एकेक बोल्ट क्रमाने थोडा सैल करून कारखान्याच्या आकड्यावर परत आवळला. सगळे बोल्ट एकदम सैल करू नयेत, लायनर हलतात.

रेडिएटरही मागेच, इंजिनच्या पाठी. त्याच्या कडांच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या, कारण गरम हवा फिरून परत आत आली तर कितीही मोठा रेडिएटर उपयोगाचा नाही. हवा काढताना ब्लीड स्क्रूतून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. तापमान ८५वर स्थिर.

१३ एप्रिल : दिजों-प्रेन्वा, चाचणी

फ्रान्समधले ३.८०१ किमीचे सर्किट, चढ-उतार भरपूर, बहुतेक मोठी वळणे उजवीकडची. शेवटचे 'पूआ' हे लांब, वेगवान उजवे वळण. तिथून बाहेर पडताना मिळालेला वेग सबंध सरळ पट्ट्यावर कामी येतो. रेनो ८ची सगळी परीक्षा त्या एका वळणात होते: डावे मागचे चाक, सम्प आणि चालकाचा उजवा पाय.

टायर थंड असताना हवा पुढे १.५, मागे १.९ बार. गरम झाल्यावर दोन्हीकडे ०.३ वाढ. फेऱ्यांची मर्यादा ७२००.

तेलाचा दाब सरळ रस्त्यावर ४.२ बार, पूआमध्ये ३.८. काटा खाली येतो पण कोसळत नाही, म्हणजे झडपा काम करतात. प्लग चार सारखे, फिकट तपकिरी. दुसऱ्या सत्रात पहिल्या कार्ब्युरेटरचे दोन थोडे पांढुरके, म्हणजे मिश्रण पातळ, म्हणून त्याचे मेन जेट १३५.

डाव्या मागच्या टायरचे तापमान पिटमध्ये आल्याआल्या, सुई खुपसून: आत ८२, मध्ये ७६, बाहेर ६६. आत-बाहेर १६ अंशांचा फरक जास्त आहे, ८ ते १० पुरे. कॅम्बर कमी करायला हवा. इथे घाई केली तर घात होतो. उंची वाढवून कॅम्बर कमी केला की सांधा वर जातो आणि टेकूचा परिणाम वाढतो. पण चाकाची खालची मर्यादा डॅम्परच्या लांबीने बांधलेली आहे. उंची ४ मिमी वाढवली तर पूर्ण खालच्या स्थितीतला कॅम्बर तोच, ०.३ राहतो. फक्त मधला खेळ ३८ वरून ३४ होतो. म्हणजे सर्वांत वाईट क्षण बदलत नाही. म्हणून उंचीच वाढवली, ४ मिमी. स्थिर कॅम्बर वजा ३.१.

तिसऱ्या सत्रात आत ७९, मध्ये ७६, बाहेर ६९. चालकाच्या मते पूआमध्ये गाडी पूर्वीइतकीच बसून राहते, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर आधी देता येतो. पुढून थोडी रुंद जाते. ती तशीच राहू द्यावी.

२० एप्रिल : चाचणीनंतरची उघडझाप

तेल काढून फिल्टर कापला, चुंबकाला काही नाही. लायनरच्या बैठकीतून पाणी उतरलेले नाही, तेल स्वच्छ. व्हॉल्व्हची फट दोन ठिकाणी ०.०३ने कमी झाली होती, परत घेतली. व्हॉल्व्हच्या नव्या सीट बसताना असे होते, पुढच्या वेळी हलले नाही तर विषय संपला.

डाव्या मागच्या आतल्या सांध्याच्या रबरी बुटावर तेलाचा ओलावा दिसला. बूट नवा, क्लिप बदलून रुंद पट्टीची. तिन्ही चाक-नटांचे टॉर्क प्रत्येक सत्रानंतर पाहायचे, तीनच असल्याने एक सैल झाला तरी उरलेले दोन पुरत नाहीत.

एचटीपीसाठी फोटो काढायचे राहिले आहेत: इंजिन दोन्ही बाजूंनी, कार्ब्युरेटर, मागचा एक्सल, केजचे पाय, ब्रेक. रंग वाळला की त्या दिवशीच काढू.